भिंगांवरचे पाठभेद

जुन्या पोथ्यांत रमणाऱ्या माणसाला पाठभेदासारखे सुख नाही. एका प्रतीत एक अक्षर, दुसरीत दुसरे. आणि तेवढ्यावरून प्रत कुठली, काळ कोणता, मध्ये काय घडले, याचा माग लागतो. हे सुख आम्हां भाषेच्या प्राध्यापकांचीच मिरास, असा आमचा समज. जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे जमवणारा कुणी भेटला, की तो पार उतरतो.

‘टेसार’ या जर्मन भिंगाचेच घ्या. पाउल रुडोल्फ यांनी १९०२ साली येना गावच्या कार्ल त्साइस कारखान्यात त्याची रचना केली. आत काचा चार, म्हणून नाव टेसार. ग्रीकांचा चारासाठीचा शब्द आपल्या ‘चत्वारः’चा चुलतभाऊच. रचनेचे सूत्र पुढे अनेक दशके तेच राहिले. बदलत गेली ती कडीवर कोरलेली अक्षरे आणि बाहेरचा साज.

कडीवर लाल ‘टी’ दिसला, तर काचेला परावर्तन रोखणारा लेप आहे असे समजावे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड माघारी फिरतो, आणि टेसारमध्ये हवेला भिडणारे असे पृष्ठभाग सहा! अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये त्साइसमध्ये या लेपाची युक्ती काढली. पुढे लेप सर्रास झाला, मिरवण्यासारखे काही उरले नाही, आणि लाल ‘टी’ गळून पडला.

काही भिंगांवर मात्र ‘त्साइस’ही नाही आणि ‘टेसार’ही नाही. नुसते ‘येना’ आणि पुढे एक ‘टी’. पण हा लाल नव्हे. घेणारा नाक मुरडतो, “नक्कल दिसते!” नक्कल मुळीच नाही. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येना सोडताना त्साइसचे निवडक तज्ज्ञ पश्चिमेकडे घेऊन गेले आणि गाव रशियनांच्या ताब्यात आले. पश्चिमेत ओबरकोखेन येथे दुसरा त्साइस उभा राहिला. देशाची फाळणी झाली, तशी नावाचीही. भाऊबंदकी कोर्टात गेली. पश्चिमेच्या बाजारात येनाच्या मालाला घराण्याचे नाव लावण्याची बंदी आली, तेव्हा कारागिरांनी टेसारचा नुसता ‘टी’ ठेवला. १९७१ मध्ये लंडनला तडजोड झाली आणि जर्मनी एक झाल्यावर दोन्ही घरे पुन्हा जवळ आली. काच तीच, हातही तेच. कुलनाम तेवढे कोर्टाने काढून घेतले होते.

पोथीत प्रक्षिप्त मजकूर असतो, तसा भिंगातही. जुन्या भिंगाला कुणी मागाहून लेप देऊन घेतलेला असतो. नावाची कडी फिरवून काढता येते, म्हणून एकाची कडी दुसऱ्यावर चढवलेलीही सापडते. तेव्हा एका खुणेवर विसंबू नये. भिंग दिव्याखाली तिरपे धरावे: लेप नसेल तर प्रतिबिंब पांढरे, असेल तर बहुधा निळसर-जांभळे. मग अनुक्रमांक, अक्षरांचे वळण आणि धातूचा साज ताडून पाहावा. युद्धानंतरचा चंदेरी, १९६० नंतरचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, त्यापुढचा काळा. चारही साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की खुशाल विश्वास ठेवावा.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांचा कॅमेरा निघाला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी भिंगाभोवतीची बारीक अक्षरे एकदा वाचा. किंमत कदाचित फारशी येणार नाही. पण एका दुभंगलेल्या घराची हकीकत तुमच्याच माळ्यावर निघायची!