चार चाकांचा प्रश्न

गेल्या दिवाळीत आमच्या घरात, चकल्या मऊ का पडल्या याहूनही बिकट असा एक प्रश्न उपस्थित झाला होता, आणि त्याचा निकाल लागायला आम्हाला पुण्याहून थेट बीड जिल्ह्यातल्या कपिलधारपर्यंत जावे लागले. तसे आम्ही तिकडे जाणारच होतो. आमच्या मंडळींचे माहेर बीडचे. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे डोके टेकवल्याखेरीज त्यांची दिवाळी पुरी होत नाही, आणि त्यांची झाल्याखेरीज माझी होत नाही. पण मोटारीला चाके कोणती घालायची हे तिथे ठरेल, असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

झाले असे, की आमचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीला आहेत. सूनबाई आणि नातू आमच्यापाशी. दिवाळीला नक्की येतो, असे चिरंजीवांनी गणपतीत कळवले, दसऱ्याला पुन्हा कळवले, आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याऐवजी एक खोके आले. रजा मिळाली नव्हती. खोक्यात जुळवायची प्लॅस्टिकची मोटार होती : १९३२ सालची फोर्ड, अस्सल गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याची. नातू अकरा वर्षांचा. त्याने वसुबारसेला पहिला तुकडा चिकटवला आणि भाऊबीजेपर्यंत इंजिन, सांगाडा, बैठक, काच असे सगळे अंग उभे केले. हात आजोबांपेक्षा स्थिर आहे हे मी कबूल करतो. पण चाकांपाशी गाडी अडली, ती अडलीच. काजूकतलीच्या रिकाम्या खोक्यावर ती पोट टेकून बसून राहिली.

“अरे, बसव की चाकं!”

“तीन तऱ्हेची आहेत, आजोबा. बाबा म्हणालेत, कोणती घालायची ते मी आल्यावर ठरवू.”

बाबा केव्हा येणार हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. सूनबाई तेवढ्यात कढई घासायला उठल्या.

आता या गाडीचा इतिहास थोडा सांगतो. तो मला नातवाकडून कळला आणि नंतर मी पडताळून पाहिला, हिशेबनिसाची सवय. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या किमतीच्या गाडीत बसवले. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्त झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या त्या हाती लागल्या. त्यांनी मडगार्डे काढून टाकली, वजन कमी केले, इंजिनाची ताकद वाढवली आणि म्युरोकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या बेफाम पळवल्या. यालाच ‘हॉट रॉड’ म्हणतात. १९३७ साली या मंडळींनी संघटना काढली. महायुद्ध संपल्यावर परतलेल्या तरुण शिपायांनी हा नाद आणखी वाढवला, आणि जानेवारी १९४८ मध्ये त्याच नावाचे मासिकही निघाले. खेळण्यातल्या गाडीचे असे संच आले ते त्यानंतर. १९५८ पासून एएमटी नावाच्या कंपनीने एका खोक्यात एकच गाडी तीन रीतींनी सजवण्याचे भाग देण्याची चाल पाडली. म्हणजे आमच्या घरात जो कलह माजला, त्याचे मूळ तिथवर जाते.

कलह म्हणण्याचे कारण, प्रत्येकाचे मत वेगळे. पहिला जोड साधा पोलादी : तांबडा रंग, मधोमध लहानशी चकचकीत टोपी, जाड रबर. दुसऱ्याला पाच रुंद आरे, हलक्या धातूच्या रंगाचे; ही तऱ्हा १९६० नंतरच्या दहा वर्षांत फार लोकप्रिय झाली. तिसरा जोड आरशासारखा लखलखीत, रिम मोठी आणि रबर बांगडीएवढे पातळ. आमच्या मंडळींनी अर्थात तिसऱ्यावर बोट ठेवले. “दिवाळीची गाडी आहे, झगमगायला नको का?” शेजारच्या पोरांचेही तेच मत. मला स्वतःला पाच आरे आवडले होते, पण का आवडले ते सांगता येईना.

मग मी पट्टी घेतली. पंचविसाव्या हिश्श्याची गाडी म्हणजे प्रत्येक मापाला पंचविसाने गुणायचे. तांबड्या चाकाची रिम १५ मिलिमीटर. गुणिले २५, म्हणजे ३७५, अर्थात १५ इंचांच्या आसपास. बरोबर! युद्धानंतरच्या गाड्यांना असलीच चाके होती. लखलखीत जोडाची रिम २० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ २० इंच. मोठी रिम त्या काळात अगदीच नव्हती असे नाही, पण तिच्यावर इतके पातळ रबर? ते फार पुढचे, अलीकडच्या हौशी लोकांचे. म्हणजे १९४८ च्या ढंगाच्या गाडीला ही चाके घालणे म्हणजे पुणेरी पगडीखाली धावण्याच्या शर्यतीची अर्धी चड्डी घालण्यासारखे झाले. हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. नातू म्हणाला, “पण आपली गाडी कोणत्या सालच्या ढंगाची आहे, हे कुठं ठरलंय?” आकडेमोड पुन्हा कोरी!

या अवस्थेत गाडी खोक्यासकट आमच्याबरोबर एस्टीत बसली. मांजरसुंब्याला उतरून आम्ही रबडी खाल्ली (ती न खाता पुढे जाणाऱ्याला मी भाविक म्हणेन, रसिक म्हणणार नाही) आणि कपिलधारच्या वाटेला लागलो. बालाघाटाच्या त्या दरीत धबधबा आहे, समाधी आहे, आणि कार्तिकीला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून पायी आलेल्या दिंड्यांनी वाट फुललेली असते. टाळांचा आवाज दरीत घुमत असतो. आमच्या मंडळी त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या, सूनबाई त्यांच्यामागे. आजोबा आणि नातू यांना खेळण्यांच्या दुकानांशी सोडून देण्यात आले.

ओळीच्या शेवटी एक म्हातारे सुतारबाबा गोणपाट पसरून बसले होते. पुढ्यात लाकडी बैलगाड्या, हातभर लांबीच्या. पण सगळ्या एकसारख्या नव्हत्या. एकीची चाके जाडजूड, दुसरीची उंच आणि सडपातळ. नातवाने विचारले, “यांची चाकं वेगळी का?”

“ही ओझ्याची, लेकरा. ही दमणी, पाहुण्याला बसून जायची. दमणीला ओझ्याचं चाक घातलं तर बैल रडंल आन् पाहुणा हसंल.”

बोलता बोलता कळले, की बाबांनी उभा जन्म खऱ्या गाड्यांची चाके केली. बाभळीचे लाकूड, मधला तुंबा, बारा आरे, बाहेरचे गोल सहा तुकड्यांचे, दर तुकड्यात दोन आरे. लोखंडी धाव भट्टीत लाल करून चढवायची आणि पाणी ओतायचे. गार होताना ती आक्रसते आणि सगळे चाक आवळून धरते. मग टायरच्या गाड्या आल्या. ऊसतोडीला निघणाऱ्या तसल्या गाड्या आम्ही वाटेत पाहिल्याच होत्या. लाकडी चाकाचे काम गेले, तेव्हा बाबा जत्रेसाठी खेळणी करू लागले. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मीच मनात थोडा ओशाळलो.

नातवाने आपले खोके उघडले. बाबांनी गाडी तळहातावर घेतली, उलटी केली, आस कुठून कुठे जातो ते पाहिले. मग तिन्ही जोड गोणपाटावर मांडायला लावले. कोणता छान हे त्यांनी सांगितलेच नाही. एवढेच विचारले :

“ही कशाला हाय? ओझ्याला का पळायला?”

“पळायला.”

“कुठं पळायची?”

“वाळलेल्या तळ्यात.”

बाबा मोठ्याने हसले. “वाळलेलं तळं बघायला अमेरिकेला कशाला जायचं रं? आमच्याकडं उन्हाळ्यात ये.” मग गंभीर होऊन म्हणाले, “आन् हाकणारा कोण? पैशेवाला का गरीब?”

हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. नातू बराच वेळ गप्प राहिला. मग हळूहळू बोलू लागला. हाकणारा युद्धावरून नुकताच घरी आला आहे. त्याच्यापाशी पैसे थोडे आहेत. जुनी गाडी त्याने घेतली आणि चाके भंगारातून आणली. म्हणजे पोलादी. रंग त्याने घरीच दिला. पांढऱ्या पट्ट्याचे टायर त्याला परवडणार नाहीत, काळेच. मागचे मोठे, कारण मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते. पुढचे लहान, म्हणजे गाडीचे नाक खाली राहते. मी ऐकतच राहिलो. आठ दिवस आम्ही चाकांकडे बघून गाडी ठरवू पाहत होतो.

“मग झालं की,” बाबा म्हणाले. “बसव.”

नातवाचा हात थांबला. माझ्या लक्षात आले, की चाके कोणती एवढाच प्रश्न नव्हता. मी म्हणालो, “चिकटवू नकोस. लोखंडी काडीच्या आसावर नुसती दाबून बसव. बाबा आले की काढता येतील.” सुतारबाबांनी वर पाहिले आणि काही न विचारता आसाच्या टोकाला मेणाचा एक ठिपका लावून दिला. खऱ्या गाडीत तिथे कुणी असते, चाक निसटू नये म्हणून.

गोणपाटावरच गाडी उभी राहिली. मागून उंच, पुढून वाकलेली, आता सुटते की मग अशी. आम्ही एक दमणी विकत घेतली. बाबांनी किमतीत एक पैसा कमी केला नाही आणि मीही घासाघीस केली नाही. दर्शन आटोपून मंडळी आल्या, तेव्हा “एवढी लखलखीत सोडून ही तांबडी?” असे म्हणाल्याच. सूनबाईंनी मात्र गाडी हातात घेतली, चाक बोटाने फिरवून पाहिले आणि सावकाश नातवाच्या हातात परत दिली.

चिरंजीव मे महिन्यात आले. सामान सोडण्याआधी त्यांनी गाडी पाहिली आणि पहिले वाक्य उच्चारले ते, “याला पाच आरेच हवेत!” मला मनातून बरे वाटले. रात्री दोन वाजेपर्यंत बापलेकांची १९४८ विरुद्ध १९६५ अशी लढाई चालली. लहानाने मोठ्याला विचारले, “हाकणारा कोण? पैसेवाला का गरीब?” मोठा निरुत्तर झाला, पण हटला नाही. अखेर तह असा ठरला, की बाबा घरी असेपर्यंत त्यांची चाके, गेले की तांबडी. बाकीचे जोड पाकिटात घालून दमणीत ठेवले आहेत.

हे लिहिताना उठून कपाटावर पाहिले. तांबडी आहेत. यंदाच्या रजेचा अर्ज गेला आहे, असे सूनबाई म्हणतात.