टाळ्यांनंतर काय?

तरुणांसाठी होणाऱ्या प्रेरणादायी भाषणांचे मोल टाळ्यांवर ठरू नये. ऐकणारा घरी जाऊन काय करतो, यावर ठरावे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली नाताळची व्याख्याने सुरू झाली. तिथे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी मुलांपुढे साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. त्यांत स्वतःच्या यशाची कहाणी नव्हती. होती ती ज्योत, काजळी, वाफ आणि डोळ्यांदेखत केलेले प्रयोग. पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची रीत वेगळी होती, पण रोख तोच. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. चाहत्याला विचार करायला लावणारी ही अट मला फार मोलाची वाटते.

यावर कोणी म्हणेल, आडवळणाच्या गावातल्या मुलीला आधी उमेद हवी, प्रश्न नंतर. उमेद हवीच. पण ‘मोठी स्वप्ने पाहा’ एवढ्यावर थांबणारे भाषण तिला पुढची पायरी दाखवत नाही. विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मात्र काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती हातात दिली. एवढे तर कुठल्याही शाळेला परवडते. मुख्याध्यापकांनी पुढच्या वक्त्याला बोलावताना भाषणाइतकाच वेळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा.