विलायती साबण आणि कोकणचे पाणी

धुण्याच्या पावडरीवर लेख लिहिणे हे साहित्यचर्चेच्या पानाला शोभणारे नाही, असे आमचे काही वाचक म्हणतील. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या भाषेत 'परीटघडी', 'धुतल्या तांदळासारखा' आणि 'हात धुऊन पाठीस लागणे' हे प्रयोग रुळले आहेत, त्या भाषेच्या अभ्यासकांना धुण्याचे वावडे असण्याचे कारण नाही. शिवाय मुद्दा मूल्यनिर्णयाचा आहे. वस्तूचा गुण कोणता आणि तिच्या नावाचे वजन किती, हा विवेक आपण कवितेच्या बाबतीत रोज सांगतो. बाजारात मात्र पिशवीबरोबर तोही दुकानदाराच्या हवाली करतो.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावीही आता परदेशात बनलेला उंची डिटर्जंट दुर्मीळ राहिलेला नाही. दुकानात नसला तर घरपोच येतो. देशी पावडरीच्या तुलनेत त्याला अनेकदा तिप्पट-चौपट दाम मोजावे लागतात, आणि घेणारे सुशिक्षित, विचारी, बहुधा आपल्याच पेशातले असतात. हा खर्च सार्थ आहे काय? आमचे मत स्पष्ट आहे: रत्नागिरीत तो सार्थ नाही. मात्र 'परदेशी म्हणून वाईट' असा सोपा निकाल आम्हांला द्यावयाचा नाही.

प्रथम पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या बळकट रूपात. उंची डिटर्जंटचे समर्थक म्हणतात की, त्यातील विकरे रक्त, दूध, अंडे यांचे डाग तोडतात, थोडे द्रव्य पुरते, फेस कमी होत असल्याने खळबळायला पाणी कमी लागते, कापड टिकते, म्हणजे अंती ते स्वस्तच पडते. यातले बरेचसे खरे आहे. विकरांची कल्पना जुनी आहे. ओटो रोम या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९१३ मध्येच धुण्यासाठी स्वादुपिंडातील विकरे वापरण्याचे पेटंट घेतले होते. पाण्याचा मुद्दाही हलका नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तेथे एक बादली वाचणे ही चैन नव्हे.

परंतु 'महाग तेच अंती स्वस्त' हा युक्तिवाद कोठून आला, हे ध्यानात घ्यावे. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू केली आणि १९५९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सर्फच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास ती विकली. मध्यमवर्ग आणि त्याखालचा वर्ग तिकडे वळला. तेव्हा १९८०च्या दशकात सर्फने अलेक पदमसी यांच्या कल्पनेतून 'ललिताजी' उभी केली. कविता चौधरी यांनी साकारलेली ही निळ्या काठाच्या साडीतील गृहिणी भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि तरीही महाग पावडर घेते, कारण स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक तिला कळतो. अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा नमुना जरूर अभ्यासावा. काटकसरीच्या तोंडून खर्चाचे समर्थन वदवून घेणे ही साधी करामत नव्हे. तथापि ललिताजीच्या वाक्याला एक आधार होता: ती हिशेब करीत होती, अर्धा किलो विरुद्ध एक किलो. आजचा विलायती डिटर्जंट घेणारा वाक्य तिचे वापरतो आणि हिशेब तेवढा गाळतो.

तो हिशेब करण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या डिटर्जंटच्या पुडक्याची मागची बाजू वाचावी. तेथे एक तक्ता असतो: मृदू पाणी असल्यास इतके माप, मध्यम असल्यास इतके, कठीण असल्यास इतके. आपण वाचणारी माणसे आहोत, पण हा तक्ता आपण वाचत नाही. तो सांगतो की, मृदू पाण्याला द्रव्य कमी पुरते. कठीण पाण्यात जे जादा ओतावे लागते ते मुख्यतः पाण्याशी झगडण्यात खर्ची पडते, मळाशी नव्हे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अधिक असले की धुण्याचे द्रव्य त्यांच्याशीच गुंतून पडते; म्हणून त्यांना बांधून ठेवणारी झिओलाइट, सायट्रेट यांसारखी द्रव्ये मिसळावी लागतात. लंडनचे पाणी खडूच्या थरांतून येते आणि बरेच कठीण असते. तेथे ही तजवीज आवश्यकच आहे.

आता आपले पाणी पाहा. रत्नागिरी जांभ्यावर वसली आहे. जांभा म्हणजे युगानुयुगांच्या पावसाने विरघळणारे क्षार धुऊन नेल्यावर मागे उरलेला, लोह आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेला दगड. त्यातून पाझरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम फारसे नसते. ते सामान्यतः मृदू असते. खाडीकाठच्या काही विहिरी मचूळ होतात तो अपवाद. अशा पाण्यात साधी वडीही भरपूर फेसाळते. म्हणजे परदेशी डब्याच्या किमतीतील एक भाग आपण अशा शत्रूशी लढण्यासाठी मोजतो जो आपल्या घरी आलेलाच नाही. सोलापूर किंवा लातूरकडे बोअरच्या कठीण पाण्यावर संसार करणाऱ्याने हाच प्रश्न विचारला तर आमचे उत्तर इतके ठाम असणार नाही. पण त्यालाही उत्तर त्याच्या पाण्यानेच द्यावे, डब्यावरील देशाच्या नावाने नव्हे.

'वीस अंश तापमानातही स्वच्छ धुलाई' हे असेच दुसरे अभिवचन. युरोपातील यंत्रे पाणी चाळीस-साठ अंशांपर्यंत तापवीत आली. ती वीज वाचावी म्हणून गार पाण्यात चालणारी द्रव्ये तेथे घडवली गेली. स्तुत्य आहे. पण आपल्या नळाचे पाणी वीस अंशांखाली क्वचितच उतरते. जी अडचण आपल्याला नाही, तिच्यावरील उपाय आपण वाढीव दाम देऊन घेतो आणि त्याला गुणवत्ता म्हणतो.

आता डागांकडे येऊ. कोकणातील कपड्यांवरचे हट्टी डाग कोणते? काजूच्या बोंडाच्या रसाचा, फणसाच्या चिकाचा, हळदीचा आणि तांबड्या मातीचा. फणसाचा चीक खोबरेल तेलाने सुटतो, हे येथील प्रत्येक आजीला ठाऊक आहे. हळदीचा डाग साबण लावताच लालभडक होतो, कारण अल्कली लागली की हळदीतील रंगद्रव्य रंग पालटते. तो डाग पुढे उन्हात विरतो. तांबड्या मातीतील लोहाचा रंग आंबटाला, लिंबाला वश होतो, साबणाला फारसा नाही. बोंडाचा डाग तर जन्माचा सोबती. परदेशी डब्यावर ज्या डागांची चित्रे असतात ती तेथल्या जेवणाची आणि तेथल्या खेळाच्या मैदानांची आहेत. त्यात डब्याचा दोष नाही. तो ज्यांच्यासाठी बनला त्यांच्याशी प्रामाणिक आहे. दोष आपल्या वाचनाचा आहे.

राहिला शुभ्रतेचा प्रश्न. 'त्याने कपडे जास्त पांढरे दिसतात' हे वाक्य तंतोतंत खरे आहे, फक्त त्यातील 'दिसतात' या क्रियापदावर भर द्यावा. बहुतेक आधुनिक डिटर्जंटांत, देशी असोत वा परदेशी, प्रकाशीय उजळके असतात. ती उन्हातील अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकतात आणि पिवळेपणा झाकतात. मळ त्यांनी निघत नाही. आपल्याकडे शेवटच्या पाण्यात नीळ टाकीत ती याच न्यायाने. निळीची चिमूट आणि परदेशी डब्यातील उजळके यांच्यांत रसायन वेगळे असेल, पण डोळ्याला फसवण्याची कल्पना एकच. आणि तिचे दाम किती मोजायचे एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

मग 'इंपोर्टेड' या शब्दाला एवढे तेज आले कोठून? इतिहास लांब आहे. 'मेड इन इंग्लंड' अशी मुद्रा असलेल्या सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. जेथे ऊन फुकट आणि मुबलक, त्या देशात 'सूर्यप्रकाश' या नावाची वडी विकली गेली. पुढे १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्या चळवळीचे नेते लोकमान्य टिळक याच रत्नागिरीत जन्मलेले. स्वातंत्र्यानंतर आयातबंदी आली, आणि बंदीने जे निर्माण होते ते झाले: कुतूहल. आखाती देशांत नोकरीला गेलेल्या रत्नागिरीकरांच्या पेट्यांतून साबण, अत्तरे, पावडरी येऊ लागल्या. त्या पेटीतील वडी वापरण्यासाठी नसे. कपाटात कपड्यांच्या घड्यांत वासासाठी ठेवली जाई. त्या वासात परमुलखात राबणाऱ्या माणसाची आठवण होती, आणि तिची किंमत करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. परंतु २००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरील उरलेली संख्यात्मक बंधनेही उठली. एरियल १९९१ पासूनच येथे विकली जात होती. त्याच बहुराष्ट्रीय कंपन्या आता येथल्या पाण्याचा, येथल्या हातधुलाईचा विचार करून येथेच माल बनवतात. विकरे हवी असतील तर ती देशात बनलेल्या डब्यातही आहेत. कमी फेसाचे द्रव हवे असेल तर तेही आहे. आयातीची अडचण गेली, गुणातील अंतर बरेचसे गेले. फक्त शब्दाचे तेज मागे राहिले आणि त्याचे दाम चालू राहिले.

येथे आमचे देशीवादी मित्र टाळी देण्यास हात पुढे करतील. तो हात आम्हांला घेता येत नाही. 'आपल्या पूर्वजांचा रिठा बरा' हे म्हणणेही न वाचताच दिलेला अभिप्राय आहे. रिठ्यातील सॅपोनिन सौम्य असते, रेशमी शालूला आणि लोकरीला ते उत्तम. पण शेतावरून आलेल्या मळकट सुती कपड्यांपुढे ते दुबळे पडते. 'देशी म्हणून चांगले' आणि 'परदेशी म्हणून चांगले' ही दोन मते परस्परविरोधी भासतात, पण दोहोंत वस्तूकडे पाहिलेलेच नसते. समीक्षेत आपण हा अनुभव पुष्कळ घेतला आहे. परकीय सिद्धान्त येथल्या कवितेला लावताना तो कोणत्या अडचणीचे उत्तर म्हणून जन्मला, हे न विचारणारे आणि परकीय आहे एवढ्यावरून तो झिडकारणारे, दोघेही सारखेच आळशी ठरतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी या चर्चेत कोणीच काढीत नाही. धुणे धुतो कोण? ज्या घरांत परदेशी डबा येतो, तेथेही साड्या, चादरी, पायपुसणी बहुधा कामाला येणाऱ्या बाईच्या हातून दगडावर धुतली जातात. तिच्यासाठी पुष्कळदा वेगळी, सर्वांत स्वस्त पावडर आणलेली असते. धुण्याच्या सोड्याचा भरणा अधिक असलेली ही पावडर हातांची सालपटे काढते, कारण अल्कली कापडाच्या तेलकट मळाबरोबर कातडीचे तेलही नेते. यंत्राच्या पोटात सौम्य द्रव आणि माणसाच्या हातात जहाल सोडा, हा न्याय आम्हांला समजत नाही. मूल्याचा प्रश्न विचारायचा असेल तर येथे विचारावा. चांगल्या पावडरीवर चार पैसे अधिक खर्च करण्यास आमचा विरोध नाही; ते ज्या हातांसाठी व्हावेत त्यांच्यासाठी होत नाहीत, हा आमचा आक्षेप आहे.

आणि धुतलेले पाणी जाते कोठे? अंगणातून गटारात, गटारातून वहाळात, वहाळातून खाडीत. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती डिटर्जंटांतील फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली, कारण तो पाण्यात शेवाळ माजवतो. तेथून येणाऱ्या मालाचा हा गुण खरा आहे आणि तो आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण तो गुण कायद्याने घडवलेला आहे. तो हवा असेल तर डबा आयात करण्यापेक्षा नियम आयात करणे अधिक शहाणपणाचे, आणि तोवर देशी पुडक्यावर 'फॉस्फेटविरहित' लिहिले आहे काय ते पाहून घेणे प्रत्येकाच्या हाती आहे. परकीयांकडून काही घ्यावेच तर त्यांची ही सवय घ्यावी.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. रत्नागिरीत, मृदू पाण्यावर, आठ महिने कडक उन्हात, आयात केलेल्या उंची डिटर्जंटसाठी तिप्पट-चौपट मोजण्यास सबळ कारण नाही. यंत्र असेल तर येथे बनलेले विकरयुक्त कमी फेसाचे द्रव घ्यावे आणि तेही मापाहून कमीच घालून पाहावे. हाताने धुतले जात असेल तर धुणाऱ्या हातांना सोसेल ते घ्यावे. पावसाळ्याचे चार महिने कपड्यांना येणारा कुबट वास ओलसरपणाचा असतो. त्यावर सुगंधाचे पांघरूण घालण्यापेक्षा पडवीत वारा लागेल अशी दांडी बांधणे, एका दांडीवर दाटी न करणे आणि शेवटी गरम इस्त्री फिरवणे हे अधिक गुणकारी आणि स्वस्त आहे. यातून जे पैसे उरतील ते कोणाच्या मजुरीत घालावेत, हे सुज्ञ वाचकांस सांगण्याची गरज नसावी. तरीही आम्ही सांगतो, कारण वर्षानुवर्षे ते न सांगितल्याने कोणी केलेले नाही.