चार मुले आणि एक जुनी गाडी

गेल्या बकरी ईदपर्यंत आमच्या घरात एकच वाहन होते, मोटारसायकल. घरात माणसे सात. आम्ही दोघे, अम्मी आणि चार मुले. मोठा मुलगा अकरा वर्षांचा, त्याच्या पाठची मुलगी नऊची, तिच्या पाठची सहाची आणि धाकटा नुकताच वर्षाचा झालेला. राहायला कराडला आणि मुलांचे आजोळ चिपळूणजवळ, कुंभार्ली घाटाच्या खाली. लांब जायचे तर एसटी, आणि गावात मात्र मोटारसायकल. टाकीवर एक, मध्ये दोघे, मागे आईच्या मांडीवर धाकटा. किती घरांत हे असेच चालते, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

एका रात्री लग्नाहून परतताना टाकीवर बसलेली सहा वर्षांची लेक पेंगली आणि तिचे डोके हँडलवर आले. हँडल वळले, गाडी रस्ता सोडून मातीत उतरली आणि थांबली. कुणाला खरचटलेही नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण घरी आल्यावर आम्ही दोघे बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. दुचाकीवर चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसवावा, असा कायदा आहे. तो आम्हाला ठाऊक होता. पोलीस दिसला की आम्ही गल्ली बदलत होतो. त्या रात्री कळले की कायदा आमच्याच मुलांसाठी होता.

म्हणून जुनी चारचाकी घ्यायचे ठरले. या शोधात आम्हाला तीन महिने लागले. त्यातून जे शिकलो ते या महिन्यात लिहीत आहोत, म्हणजे दुसऱ्या एखाद्या घराचे तीन महिने वाचतील.

पहिला प्रश्न पैशांचा. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आधीच ठरलेले. त्यामुळे जेवढी रक्कम हातात, तेवढीच गाडी. आमची बचत, बीसीचे पैसे आणि मामूंनी दिलेले साठ हजारांचे कर्ज-ए-हसना, असे मिळून चार लाख झाले. मामूंना आम्ही कागद लिहून देऊ लागलो तेव्हा ते म्हणाले, "बेटा, आपल्या आपल्यात कागद कशाला?" पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही कुरआनची ताकीद आहे, आणि ती नातलगांनाही लागू आहे. रक्कम, दर महिन्याची फेड आणि दोघांच्या साक्षी लिहिल्या. नाते जपायचे असेल तर हिशेब स्वच्छ हवा.

या चार लाखांतले चाळीस हजार आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढले. जुनी गाडी दारात आली की टायर, बॅटरी, ऑईल, विमा आणि नावावर करण्याचा खर्च लगेच उभा राहतो. सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालणारे घर नंतर टायरसाठी उधार मागत फिरते आणि तोवर मुले गुळगुळीत टायरवर प्रवास करतात.

दुसरा प्रश्न, गाडी कोणती? बाजारात गेलो की प्रत्येकजण सांगायचा, "सात सीटर आहे, लहान मुले असतील तर दहा जण आरामात बसतील." या वाक्यापासून सावध राहा. आम्ही सीट मोजणे सोडले आणि सीट बेल्ट मोजू लागलो. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मूल बेल्ट किंवा मुलांच्या खास आसनाशिवाय गाडीत असेल तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल आईच्या हातात राहत नाही. हात कितीही घट्ट असले तरी नाही.

बेल्टही दोन प्रकारचे असतात. एक खांद्यावरून येऊन कमरेला लागणारा आणि दुसरा फक्त कमरेचा. जुन्या गाड्यांत मधल्या रांगेच्या मधोमध बहुधा फक्त कमरेचाच असतो. मुलाला उंच बसवणारी बूस्टर गादी लावायची तर खांद्याचा बेल्ट लागतो. म्हणून गाडी पाहताना प्रत्येक रांगेत बसून प्रत्येक बेल्ट लावून पाहा. काही गाड्यांत मागचे बेल्ट सीटच्या फटीत कायमचे हरवलेले असतात, काहींत कव्हराखाली दाबलेले. मालकाला विचारले की तो म्हणतो, "मागे कोण लावतो?" आपण लावणार आहोत.

स्वस्तात सगळ्यांची नजर ईकोवर जाते, आमचीही गेली. सरकते दरवाजे, भरपूर जागा, साधी दुरुस्ती. पण २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली ईको धडकवून तपासली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एर्टिगाला २०१९ च्या चाचणीत तीन तारे मिळाले. ट्रायबरला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठी तीन. ट्रायबर लांबीने चार मीटरच्या आत असल्याने गल्लीत बसते, पण एक लिटरचे इंजिन आहे. सातजण भरून घाट चढायचा असेल तर तशीच भरून चालवून पाहावी. शिवाय सातही जागा भरल्या की मागे सामानाला जागा उरत नाही. इनोव्हा दणकट, पण आमच्या पैशांत येणाऱ्या इनोव्हा फार फिरलेल्या होत्या. शेवरले कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. म्हणून टवेरा कितीही स्वस्त मिळाली तरी सुटे भाग कुठे मिळतात ते आधी आपल्या मेकॅनिकला विचारावे.

एअरबॅगबद्दल एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ती बहुधा वरच्या प्रकारातच मिळे. एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्यांत पंधरा-वीस हजारांचा फरक दिसला तर आधी स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण आहे का ते पाहा.

आता ती गाडी सांगतो, जी आम्ही जवळजवळ घेतली होती.

एका विक्रेत्याच्या आवारात चंदेरी रंगाची सात सीटर उभी होती. रंग चकचकीत, सीट कव्हर नवे, आत अत्तराचा वास, आणि किंमत आमच्या अंदाजापेक्षा पन्नास हजारांनी कमी. विसार द्यायला हात खिशात गेला होता. मुले मागच्या रांगेत खेळत होती. नऊ वर्षांच्या लेकीने बेल्ट ओढायला सुरुवात केली आणि तो शेवटपर्यंत बाहेर काढला. मग तिने ओरडून विचारले, "अब्बा, हा मातकट का आहे?" वरचा अर्धा पट्टा काळा, स्वच्छ. खालच्या अर्ध्यावर वाळलेल्या गाळाची रेघ. गालिचा उचलला तर सीटच्या रुळांना गंज आणि कोपऱ्यात बारीक माती. गाडी पाण्यात बुडालेली होती.

आपल्या भागात हे नवल नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात आणि आपल्या गावापासून लांब विकल्या जातात. त्यांची वायरिंग आतून कुजत राहते. आज चालते, सहा महिन्यांनी घाटात बंद पडते. एअरबॅगची जोडणीही त्याच वायरिंगवर असते. म्हणून प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत ओढा, गालिच्याखाली हात घाला, स्टेपनीच्या खड्ड्यात पाहा, दिव्यांच्या काचेत ओल साठली आहे का ते पाहा. आणि गाडीत अत्तर जरा जास्तच असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे बसा. कुबट वास आपोआप वर येतो.

परतताना अम्मींनी मुलांना धान्याच्या ढिगाची गोष्ट सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला सुनावले, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे सांगितले. ही गोष्ट आम्ही कितीदा ऐकली होती. त्या दिवशी लेकीच्या बोटांना लागलेली माती पाहून ती पुन्हा ऐकली.

शेवटी जी गाडी मिळाली तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या घराला बसली ती तुमच्या घराला बसेलच असे नाही. २०१४ ची पेट्रोल सात सीटर, दुसऱ्या मालकाची, चालकासाठी आणि शेजारच्यासाठी एअरबॅग असलेली. दरवाजावर एक ओरखडा आहे, तो मालकाने आम्ही विचारण्याआधीच दाखवला. सर्व्हिसची वही दिली. घेण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला दिवसाची मजुरी देऊन बरोबर नेले. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करायला लावले. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑईल जाळते. दरवाजे आणि बॉनेटच्या नटांवरचा रंग उडालेला आहे का, म्हणजे ते खोलले गेले होते का, ते पाहिले. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते. मग एसी लावून, माणसे भरून चढावर चालवली. मागच्या रांगेत बसलेल्या मुलांना विचारले, वारा येतो का? घाटात उलट्या होणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे.

सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी तपासणी झाली आहे का, हे पाहावे. सिलिंडर मागची जागा खातो, हेही लक्षात घ्यावे. सात सीटर गाड्या टॅक्सीत बऱ्याच चालतात आणि नंतर खासगी करून विकल्या जातात. म्हणून जुनी नोंद तपासावी.

कागदांबाबत थोडक्यात. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे पाहावे. थकलेली ई-चलने वेगळी तपासून विकणाऱ्यालाच भरायला लावावीत. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला द्यावा. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची २०२९ ला संपेल, तेव्हा फेरनोंदणीचे शुल्क आणि पर्यावरण कर येईल. त्यासाठी आतापासून डबा वेगळा ठेवला आहे.

आता बसण्याची व्यवस्था. धाकट्यासाठी पाठमोरे आसन नवेच घेतले. जुने घेतले नाही, कारण ते कधी अपघातात सापडले होते का हे बाहेरून कळत नाही. ते मधल्या रांगेत चालकाच्या मागे पक्के केले. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर असे आसन कधीही लावू नये. डावीकडे सहा वर्षांची, बूस्टरवर. ती बाजू मोकळी ठेवली, कारण तिथून सीट दुमडून मोठे दोघे मागच्या रांगेत जातात. नऊ वर्षांचीलाही बूस्टर आहे, उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत राहील. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या पुढे. मग मधल्या कमरेच्या बेल्टच्या जागी मुलांची आई बसते. ती जागा अडचणीची आहे, पण तिथे मूल बसवायचे नाही असे ठरले आहे. आठव्या माणसाला आम्ही नाही म्हणतो. पहिल्या महिन्यात दोन नातलग त्यावरून रुसले. आता त्यांनाही सवय झाली आहे.

राहिली मोटारसायकल. ती विकायला काढली तेव्हा तिचे इंजिन ऑईल गळत होते. पुसून दाखवली असती तर त्या दिवशी कळले नसते. घेणारा तरुण आला तेव्हा गाडीखाली पुठ्ठा ठेवला, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले आणि डाग दाखवला. त्याने तीन हजार कमी दिले. आमची नऊ वर्षांची लेक शेजारी उभी राहून सगळे पाहत होती.