गृहशोभा : तपकिरी भिंत, निर्मळ घर

पांढऱ्या भिंतीवर तपकिरी चित्र शांत, प्रसन्न दिसते. त्यासाठी वारली चित्र उत्तम : गेरूची पार्श्वभूमी आणि तांदळाच्या पिठाच्या शुभ्र रेषा. याच कलेसाठी जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री लाभली. निवड मात्र विवेकाने करावी. वारली चित्रांत शिकार, मासेमारीही असते. आपण तारपानृत्य वा भातकापणी निवडावी. दुसरे असे, की वर्षभर न हललेल्या तसबिरीमागे कोळी जाळे विणतात आणि दिवाळीच्या झाडलोटीत त्यांची विराधना घडते. म्हणून शक्य तर चित्र भिंतीवरच काढून घ्यावे. मूळ परंपराही तीच. तसबीर असल्यास दर आठवड्यास मागची बाजू पुंजणीने यतनापूर्वक पुंजावी. जीवदया जपते तीच खरी गृहशोभा.