परक्या घरचा मुक्काम

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु प्रवास करून आलेली मंडळी आपली हकीगत सांगू लागली म्हणजे या म्हणण्याविषयी थोडी शंका वाटू लागते. अमुक किल्ला पाहिला, तमुक समुद्रकिनारा पाहिला, हॉटेल स्वच्छ होते, जेवण महाग होते, छायाचित्रे पुष्कळ काढली, येथे ती हकीगत संपते. त्या गावची माणसे सकाळी काय खातात, मुलांस कशाबद्दल रागे भरतात, दिवेलागणीनंतर कशाविषयी बोलत बसतात, हे विचारावे तर उत्तर नाही. गाव पाहिले, पण गावकरी भेटला नाही! आमच्या मते हा प्रवास अर्धाच झाला. उरलेला अर्धा प्रवास परक्या घराचा उंबरठा ओलांडल्यावाचून घडत नाही. आणि आपला उंबरठा परक्यास ओलांडू दिल्यावाचून तो पुरा होत नाही. याविषयी चार शब्द आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवावे, असा या लेखाचा हेतू आहे.

दुसरे महायुद्ध संपून जेमतेम चार वर्षे झाली होती. युरोपातील शहरे अजून ढिगाऱ्यांतून वर येत होती, आणि कालचे शत्रू आज एकमेकांकडे संशयानेच पाहत होते. अशा वेळी, १९४९ साली, डेन्मार्क देशात बॉब लुईटवायलर नावाचा एक अमेरिकन तरुण व त्याचे काही मित्र यांनी एक अगदी साधी योजना आखली. हा तरुण विवेकबुद्धीस स्मरून युद्धास विरोध करणाऱ्यांपैकी होता. योजनेचा रोख असा की, राष्ट्राराष्ट्रांतील तह मुत्सद्दी करतात. पण मनामनांतील तह एका पंक्तीस बसल्यावाचून होत नाही. या मंडळास पुढे ‘सर्व्हास’ हे नाव मिळाले. एस्परांतो नावाची जी सर्व जगाकरिता मुद्दाम रचलेली भाषा आहे, तीत या शब्दाचा अर्थ ‘सेवा करतो’ असा होतो. प्रवासास निघू इच्छिणाऱ्याची आधी मुलाखत घ्यावयाची, तो योग्य वाटल्यास त्यास परिचयपत्र द्यावयाचे, त्याने ते दाखवून दुसऱ्या देशातील सभासदाच्या घरी उतरावयाचे, साधारणपणे दोन रात्री राहावयाचे, आणि मुक्कामाबद्दल पैसा घ्यावयाचा नाही की द्यावयाचा नाही, अशी तिची पद्धत आहे. आज इतक्या वर्षांनंतरही हे मंडळ अनेक देशांत चालू आहे.

याच धर्तीवर आणखीही प्रयत्न झाले. एस्परांतो भाषेच्या चाहत्यांनी १९७४ साली ‘पासपोर्टा सर्व्हो’ या नावाने यजमानांच्या पत्त्यांचे पुस्तक काढले. पाहुण्याने ती भाषा बोलावी, एवढीच त्यात मुख्य अट. पुढे इंटरनेटचा काळ आला. केसी फेन्टन नावाचा अमेरिकन तरुण स्वस्त तिकीट मिळाले म्हणून आइसलँडला निघाला होता. तेथे ओळखीचे कोणी नाही. तेव्हा त्याने तेथील विद्यापीठाच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांस ई-पत्र धाडून, कोणी आसरा देईल काय, अशी विचारणा केली. होकार इतके आले की, कोणाकडे जावे हाच प्रश्न पडला! त्यातून २००४ साली ‘काऊचसर्फिंग’ हे संकेतस्थळ सर्वांस खुले झाले. दिवाणखान्यातील कोचावर रात्र काढणे, हा त्या नावाचा भावार्थ. लक्षावधी लोक त्यात सामील झाले. परंतु २०११ साली त्या संस्थेचे रूपांतर नफा मिळविणाऱ्या कंपनीत झाले, आणि २०२० साली सभासदांवर वर्गणी बसली. तेव्हा पुष्कळ जुने सभासद दुखावले. ‘बीवेलकम’ यासारखी, २००७ साली निघालेली व स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणारी संकेतस्थळे मात्र अद्याप फुकट आहेत. यावरून एवढे दिसते की, पत्त्यांच्या वहीस किंमत लावता येते; दार उघडणाऱ्या माणसाच्या मनास लावता येत नाही.

ही कल्पना पाश्चात्त्यांची, असे मात्र कोणी समजू नये. ‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत फोडच अशी आहे की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. आणि मौज अशी की, निरनिराळ्या धर्मांच्या जुन्या ग्रंथकारांनी आतिथ्याची थोरवी गाताना त्याची मुदतही बांधून दिली आहे. मनुस्मृतीच्या मते एक रात्र राहतो तो अतिथी. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचे ‘दिदाखे’ नावाचे जे लहान पुस्तक आहे, त्यात फिरत्या प्रेषिताने एक दिवस, गरज असल्यास दोन दिवस राहावे, तिसरा दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा, असा कडक नियम आहे. इस्लामी परंपरेत पाहुणचाराची मुदत तीन दिवसांची मानतात. या सर्वांस मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक होता. पाहुणा केव्हा जाणार हे निश्चित असते, तेव्हाच त्याचे येणे आनंदाचे होते. ‘सर्व्हास’ मंडळाच्या दोन रात्रींत हेच जुने शहाणपण आहे.

महाराष्ट्रात तर परक्या घरच्या अन्नावर पिढ्या शिकल्या. पुण्यासारख्या ठिकाणी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. आषाढीच्या वारीत वाटेवरची गावे दिंड्यांस आजही जेवू घालतात. याचा अभिमान आपण बाळगावा, हे योग्यच आहे. पण अभिमानाबरोबर सत्यही सांगितले पाहिजे. आपले दार पुष्कळदा जात विचारून उघडत असे. १९१७ साली डॉक्टर आंबेडकर अमेरिकेत व इंग्लंडात शिक्षण घेऊन बडोदे संस्थानात नोकरीस गेले, तेव्हा त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी खानावळीत राहिले. परंतु ही गोष्ट फुटताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून घालवून दिले. मग त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही काही ना काही सबब सांगितली. त्या विद्वान पुरुषास सार्वजनिक बागेत बसून वेळ काढावा लागला, आणि अखेर तो मुंबईस परतला. ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या दोन मित्रांत एक ख्रिस्ती होता, हे आम्ही मान खाली घालून लिहितो. धर्म बदलला म्हणजे दार आपोआप उघडते असे नाही; ते हाताने उघडावे लागते.

आता थोडे आमच्याविषयी. आम्ही कॉलेजात शिकत असताना एकदा पावसाळ्यात घाटाखाली एस. टी. बंद पडली. रात्र झाली, गाडी सकाळपर्यंत हलणार नाही असे कळले. चालत चालत एका वाडीच्या टोकास असलेल्या घरापाशी आलो. एका म्हाताऱ्या बाईने कंदील वर करून आमचे तोंड पाहिले, आणि “आत ये, भिजलायस,” एवढेच म्हणून पिठले-भाकरी वाढली. निजावयास गोधडी दिली. सकाळी चुलीपुढे बसलो असता तिने प्रथमच विचारले, “नाव काय रे बाळा तुझं?” आम्ही सांगितले. ख्रिस्ती नाव तिने बहुधा पूर्वी ऐकले नसावे. ती क्षणभर थांबली, आणि मग तिने आमच्या पेल्यात आणखी चहा ओतला. जेवण आधी व नाव मागाहून, हा क्रम आम्ही कोणत्याही पुस्तकात शिकलो नव्हतो.

पुढे आमचे स्वतःचे घर झाले. एके दिवशी सायंकाळी दुसऱ्या प्रांतातून सायकलीवर आलेला एक तरुण दाराशी उभा राहिला. ओसरीवर रात्रभर पडू द्याल काय, असे त्याने नम्रपणे विचारले. आम्ही त्यास, तितक्याच नम्रपणे, स्टेशनाजवळच्या लॉजचा रस्ता दाखविला. रात्री पाऊस झाला. सकाळी चहावाल्याकडून कळले की लॉज भरलेला होता, आणि तो मुलगा बसथांब्याच्या पत्र्याखाली निजला होता. घरी येऊन ही गोष्ट सांगितली, तेव्हा आमच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, “अहो, निदान जेवलास का, एवढं तरी विचारायचं!” ज्या मनुष्याने वाडीतल्या म्हातारीची भाकरी खाल्ली होती, त्यास हे वाक्य पुरेसे होते.

आमच्या या वागण्याच्या समर्थनार्थ जी कारणे आम्ही त्या वेळी स्वतःस सांगितली, तीच बहुतेक लोक सांगतात. म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे. पहिले कारण भीतीचे. ही भीती निराधार नाही. इटलीतील पाडुआ शहरी अशाच एका संकेतस्थळावरून आलेल्या पाहुण्या मुलीवर यजमानाने अत्याचार केला, आणि २०१५ साली त्यास शिक्षा झाली. तो यजमान स्वतः पोलीस होता. तेव्हा विश्वास हा आंधळा असू नये. मुलाखत घेणे, पूर्वीच्या यजमानांचे अभिप्राय वाचणे, आपण कोठे उतरणार हे घरी कळविणे, शंका आल्यास संकोच न धरता निघून जाणे, हे सर्व विश्वासाचे शत्रू नसून रक्षक आहेत. परदेशी पाहुणा घरी उतरविल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारी नोंदणी अधिकाऱ्यास कळविणे आपल्या देशात कायद्याने आवश्यक आहे, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप असा की, ही सारी फुकट राहण्याची युक्ती आहे. काही लोकांच्या बाबतीत हे खरे आहे, व अशा लोकांस यजमान लवकरच ओळखतात. पण खऱ्या पाहुण्यावर लॉजच्या भाड्याहून मोठे ऋण असते. ते ज्याचे त्यास परत करता येत नाही. कारण कोपनहेगनचा यजमान कोल्हापुरास कदाचित कधी येणारच नाही. ते तिसऱ्याच कोणास तरी फेडावे लागते. वाडीतल्या म्हातारीचे ऋण आम्ही त्या सायकलवाल्या मुलास फेडावयाचे होते, आणि आम्ही ते बुडविले.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तोच आम्हांस सर्वांत खरा वाटतो. आपल्याकडे पाहुण्यास बोलावतो पुरुष, आणि त्याचे करते स्त्री. “या, बसा,” म्हणण्याचे पुण्य एकाचे, आणि पोळ्या लाटण्याचे श्रम दुसरीचे! असले आतिथ्य अर्धे उसने असते. त्या प्रसंगानंतर आमच्या घरी तीन वेळा अनोळखी प्रवासी राहून गेले. त्यांपैकी एक परदेशातील वृद्ध शिक्षक होते. जेवण होताच ते उठले, आणि कोणास न विचारता आपले ताट घासू लागले. आमचा मुलगा आश्चर्याने पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तोही उठला, आणि मग, सांगण्यास लाज वाटते, आम्हीही उठलो. दोन रात्रींत त्या गृहस्थांनी आम्हांस आपल्या देशाविषयी पुष्कळ सांगितले. पण आमच्या घरात राहिले ते हे एवढेच.

१९६२ साली सतीश कुमार व ई. पी. मेनन हे दोन भारतीय तरुण अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून पायी निघाले. विनोबांच्या सल्ल्यावरून त्यांनी जवळ पैसा ठेवला नव्हता. फाळणीच्या जखमा ताज्या असताना ते पाकिस्तानातून गेले, पुढे अफगाणिस्तान व इराण ओलांडून मॉस्कोस पोहोचले, आणि पॅरिस व लंडन करून अखेर वॉशिंग्टनपर्यंत गेले. वाटेत त्यांस अन्न व निवारा दिला तो बहुतांशी अनोळखी माणसांनी. सरकारांनी अस्त्रे टाकली नाहीत, हे खरे. पण ज्या घरांत ते राहिले, त्या घरांपुरता तरी भारत हा नकाशावरचा डाग राहिला नसेल.

आमची सूचना लहानशी आहे. जग दूर आहे. बोर्डिंग जवळ आहे. ज्यांची घरे फार लांब आहेत असे काही विद्यार्थी लहान सुट्यांत बोर्डिंगमध्येच राहतात. गावातील विद्यार्थ्यांनी त्यांस दोन रात्री आपल्या घरी न्यावे. मुख्याध्यापकांचे पत्र असावे, दोन्हीकडील पालकांची संमती असावी, पैशाचा व्यवहार नसावा, आणि पाहुण्याची जात, पंथ वा भाषा यजमानाहून वेगळी असेल तर फारच उत्तम. येणाऱ्याने ताट घासावे, आणि नेणाऱ्यानेही. येत्या सुटीपासून आरंभ करावयाचा झाल्यास पहिले घर आमचे धरावे. पत्नींस विचारून मगच हे लिहिले आहे. ओसरीवर नव्हे, आत जागा आहे.