सिंगल रूम, फ्री जेवण

आंब्याचं तोरण बांधताना एक पान आपण हमखास बाजूला टाकतो. बारीक पुळ्या आलेलं. पण त्या पुळ्या म्हणजे गाठी, आणि प्रत्येक गाठीत एक भाडेकरू असतो!

त्याचं नाव मिजमाशी. डासाहून छोटी, आणि चावत वगैरे अजिबात नाही. पानांवर गाठी करणाऱ्या एका जातीला कीफर आणि चेक्कोनी यांनी १९०६ साली नाव दिलं, प्रोकॉन्टारिनिया मात्तिआना. मादी कोवळ्या पालवीत अंडी घालते. अळी आत शिरली की पानच तिच्याभोवती गाठ बांधतं. राहणं फ्री, जेवण फ्री! माशी झाली की बाहेर, आणि पुढचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. तीही आंब्यावरच. दुसरं झाड तिला चालत नाही.

हे सगळं वाचायचं कारण? आमच्या सोसायटीची मीटिंग. ‘झाड रोगट दिसतंय, काढून टाकू, दोन गाड्या लागतील,’ असा विषय निघाला. गाठी फार झाल्या तर पानं गळतात, हे खरं. पण केवळ तेवढ्यानं मोठं झाड मरत नाही. गाठींची पानं छाटून नष्ट करायची, बस्स. शिवाय १९७५ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या शहरांत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, कंपाउंडमधलंही.

निर्णय पुढच्या मीटिंगवर गेलाय. तोवर तुम्हीही एखादं पान निरखून बघा. गाठीला भोक दिसलं, तर भाडेकरू केव्हाच गेलाय. शिक्षा मात्र घरमालकाला!